पाण्याची वहिवाट आणि रानाची मुखत्यारी

पांझरा नदीच्या काठी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ज्यांची वडिलार्जित शेती आहे, त्या वयोवृद्ध शेतकऱ्यांना फडपद्धती समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु धुळे-जळगावच्या शहरांत वाढलेल्या तरुण वाचकांपैकी अनेकांना, खानदेशच्या रयतेने सुमारे तीन-चारशे वर्षे आपल्या नद्यांचे पाणी आपल्याच पंचांच्या विचाराने वाटून घेतले, ही गोष्ट ठाऊक नसण्याचा संभव आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे मला अवश्य वाटते.

नदीच्या पात्रात दगडी बंधारा, त्याच्या तोंडातून निघालेला पाट, पाटाखालची जमीन तीन किंवा चार फडांत वाटलेली, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक, अशी ही रचना होती. उसाचा फड पुढल्या वर्षी दुसऱ्या पिकाकडे जाई, एखादा फड विसाव्यासाठी पड राही. पाणी कोणत्या शेताला केव्हा द्यावयाचे ते पाटकरी पाही, उभ्या पिकाची राखण जागल्या करी, आणि पाटातला गाळ काढण्याच्या कामी खातेदारांना आपापला वाटा उचलावा लागे. परंतु या साऱ्या व्यवस्थेचा कणा निराळाच होता. खातेदाराची जमीन एके ठिकाणी नसून बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे अवर्षणाच्या साली पंच जेव्हा एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय करीत, तेव्हा त्या कोरड्या फडात निर्णय करणाऱ्यांचाही तुकडा असे, आणि भरल्या पाटावर ज्याचा हक्क होता त्याला तुटीतला वाटाही चुकत नसे. ज्या काळी आजच्यासारखी मोजमापाची साधने नव्हती, त्या काळी निरक्षर म्हणून गणल्या गेलेल्या माणसांनी न्यायाची ही तजवीज केली, याचा मला अतिशय अभिमान वाटतो.

ही पद्धत आज बहुतेक ठिकाणी मोडकळीस आली आहे. वरच्या अंगाला लाटीपाड्याचे आणि पुढे अक्कलपाड्याचे धरण झाले, नदीच्या प्रवाहाची मुखत्यारी पाटबंधारे खात्याकडे गेली, घरोघरी विहिरीवर मोटार बसली, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला पंचांचा निवाडा मानण्याचे कारण उरले नाही. धरणे बांधूच नयेत असे माझे म्हणणे नाही. पण धरणाचा आराखडा करताना खालच्या बंधाऱ्यांची शतकांची वहिवाट जितक्या आदराने विचारात घ्यावयास हवी होती, तितक्या आदराने ती घेतली गेली नाही.

गावाने आपले रान आपल्याच नियमांनी राखल्याचे उदाहरण मात्र त्याच साक्री तालुक्यात आहे. पिंपळनेरच्या पलीकडे गुजरातच्या सीमेलगत, बारीपाडा नावाचा लहानसा आदिवासी पाडा आहे. तीन दशकांपूर्वी तेथील डोंगर उघडे पडले होते आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायांना वणवण करावी लागे. वनवासी कल्याण आश्रमाशी संबंध असलेल्या चैतराम पवार यांच्या पुढाकाराने गावाने 1990 नंतरच्या वर्षांत सुमारे अकराशे एकर जंगल राखावयास घेतले. झाड तोडणाऱ्याला दंड, जंगलात बैलगाडी नेण्यास मज्जाव, राखणीची पाळी, उतारावर श्रमदानाने खोदलेले चर, हे सारे गावाने आपसांत ठरविले आणि, याहून कठीण म्हणजे, आपल्याच भाऊबंदांवर लागू केले. आज त्या परिसरातील विहिरींना पाणी आहे, भाताची शेती उभी आहे, आणि 2004 पासून तेथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. एरवी ज्यांच्या ज्ञानाची दखल कोणी घेत नाही अशा स्त्रिया रानातल्या भाज्या, कंद आणि कोवळे कोंब शिजवून तेथे मांडतात. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, हे योग्यच झाले. मात्र एका माणसाचा गौरव करून शासनाचे कर्तव्य संपत नाही.

कारण रान कोणी आणि कोणत्या हक्काने राखावयाचे, हाच प्रश्न जळगाव जिल्ह्यात अधिक तीव्र स्वरूपात उभा आहे. यावल-रावेरचे केळीचे बागायतदार ज्या भूजलावर जगतात, त्याचा मोठा भाग सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या दगडगोट्यांच्या सच्छिद्र पट्ट्यातून जमिनीत मुरतो. डोंगरावरचे झाड गेले की पावसाचे पाणी मुरण्यास अवकाश न मिळता ते गाळासह तापीकडे धावते, आणि खाली बोअरवेल दरसाल अधिक खोल न्यावी लागते. डोंगरात राहणारे पावरा, बारेला, तडवी हे आदिवासी या पाण्याचे खरे राखणदार होऊ शकतात; पण इंग्रजी अमलात राखीव जंगलाचा कायदा आल्यापासून त्यांची नोंद सरकारी दप्तरात बहुधा अतिक्रमण करणारे म्हणूनच झाली. ज्याला आपल्या पायाखालच्या जमिनीचा उद्या भरवसा नाही, त्याने पन्नास वर्षांनी मोठे होणारे झाड राखावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये तो मिळविला आणि पुढे आपल्या बांबूची विक्री आपल्या मुखत्यारीने केली. पाण्याच्या बाबतीतही 2005 च्या राज्य कायद्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देण्याची वाट मोकळी केली आहे. कायद्यांची उणीव नाही. गावाला खड्डे खणण्याच्या मजुरीपुरते बोलवावयाचे आणि पाणी किंवा जंगल यांविषयीचा निर्णय मात्र कचेरीत करावयाचा, ही जुनी सवय अद्याप सुटलेली नाही, हीच खरी अडचण आहे.

तेव्हा धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, सामूहिक वनहक्काचे जे दावे प्रलंबित असतील त्यांचा निर्णय ग्रामसभांसमक्ष, ठरलेल्या मुदतीत करावा, आणि पांझरेवरच्या ज्या बंधाऱ्यांचे पाट अजून वाहते करता येतील त्यांना धरणातून मोजून पाणी द्यावे. आणि रावेर-यावलच्या बागायतदारांना विनंती ही की, आपल्या केळीच्या उत्पन्नातला काही ठरावीक वाटा त्यांनी सातपुड्यातल्या ग्रामसभांकडे जंगलराखणीसाठी दरसाल पोहोचवावा, आणि तो दान म्हणून नव्हे, तर पाणीपट्टी म्हणून द्यावा.