जुन्या जिपेचा तेलाचा क्लच

आमच्या सभासदांपैकीं बऱ्याच जणांच्या गोठ्याशेजारीं एखादी जुनी जीप उभी असते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीपची जोडणी मुंबईंत सुरू झाली, आणि त्याच घराण्यांतील वाहनें पुढें दोन-तीन पिढ्या आपल्या डोंगरवाटांनीं चाललीं. अलीकडे तरुण मंडळींनीं या जिपांचा कायापालट करण्याचा सपाटा लावला आहे. मूळ इंजिन काढून जोरकस डिझेल इंजिन बसवावयाचें, त्याला तिसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स जोडावयाचा, आणि रुंद टायर लावून गाडी जत्रेंत मिरवावयाची. अमेरिकेंत, विशेषतः कॅलिफोर्नियांत, १९३० च्या दशकांत जुन्या फोर्ड गाड्यांना असेंच नवें बळ देण्याचा छंद वाढला. त्या गाड्यांस तिकडे हॉट रॉड म्हणतात. छंदास आमची हरकत नाहीं. आम्हांस बोलावयाचें आहे तें या गाड्यांच्या एका लहानशा, दृष्टीआड राहणाऱ्या भागाविषयीं, म्हणजे क्लच सोडविणाऱ्या तेलाच्या यंत्रणेविषयीं.

मूळच्या जिपेंत क्लच ओढण्याचें काम सळई व तार करीत असे. तींत तेल नव्हतें, रबर नव्हतें. तार तुटली तर ती डोळ्यांस दिसे आणि गांवचा लोहारही तात्पुरती सोय करून देई. तेलाच्या क्लचांत पाय पेडलावर पडला कीं मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या पुढें सरकतो, तेल नळींतून स्लेव्ह सिलिंडरांत जातें, आणि तेथील दट्ट्या फोर्कास ढकलून रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबतो. तेल दाबलें जात नाहीं, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोहोंचतो. मात्र नळींत हवेचा बुडबुडा शिरला तर हवा दाबली जाते, पेडल लोण्यांत रुतल्यासारखें खालीं जातें आणि क्लच सुटत नाहीं.

या यंत्रणेस नांवें ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचें म्हणणें आम्हांस अर्धेंच पटतें. कारखान्यांतून जशी आली तशी यंत्रणा वर्षानुवर्षें विनातक्रार चालते. बिघाड होतो तो निरनिराळ्या गाड्यांचे भाग एकत्र आणल्यानें. समजा, मास्टरचा व्यास पाऊण इंच आणि स्लेव्हचा सात अष्टमांश इंच आहे. त्यांच्या क्षेत्रफळांचें प्रमाण ३६ ला ४९ पडतें; म्हणजे मास्टरचा दट्ट्या ३० मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा सुमारें २२ मिलिमीटर सरकेल. आतां त्या जागीं कोणी एक इंची स्लेव्ह बसविला तर पेडल हलकें होईल खरें, पण सरक १७ मिलिमीटरांच्या आंत येईल. क्लच पुरता सुटणार नाहीं, पहिला गिअर खरखरत पडेल, आणि दोष मात्र गिअरबॉक्सास दिला जाईल. उलट सरक अधिक झाली तर प्रेशर प्लेटचीं बोटें वांकतात. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. परंतु गाडी बदलणाऱ्या कारागिरांपैकीं तो कागदावर मांडणारे थोडे.

याहून मोठा प्रश्न स्लेव्ह कोठें बसवावा हा आहे. बाहेरचा स्लेव्ह बेल हाऊसिंगच्या अंगास दोन बोल्टांनीं लागलेला असतो. गळूं लागला तर खालीं निजून तासाभरांत उतरवितां येतो. दुसरा प्रकार गिअरबॉक्सच्या पुढील दांड्याभोंवतीं कड्यासारखा बसतो. त्यांत सिलिंडर व बेअरिंग एकच. नव्या मोटारींत तो सर्रास असतो, दिसावयास सुबक असतो, फोर्काची कटकटही नाहीं. पण त्याचें एक रबर गेलें कीं अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि बाहेर पडलेलें तेल क्लच प्लेटवर उडालें तर तीही बाद होते. शिवाय त्यास जागेचें माप नेमकें लागतें. बेअरिंग व प्रेशर प्लेट यांतील अंतर जास्त राहिलें तर दट्ट्या प्रमाणाबाहेर बाहेर येऊन रबरच निसटतें. कारखान्यांत हें माप ठरलेलें असतें; बदललेल्या जिपेंत तें ज्याचें त्यानें मोजावयाचें, आणि बहुधा कोणी मोजीत नाहीं. शेतकऱ्याच्या बदललेल्या जिपेस बाहेरचाच स्लेव्ह असावा असें आमचें स्पष्ट मत आहे. जेथें मूळची सळई शाबूत आहे व इंजिन मूळचेंच आहे, तेथें तर तेलाच्या वाटेस जाऊंच नये.

हें सारें लिहिण्याची गरज आम्हांस डिलाईल रोडवर वाटली. ना. म. जोशी मार्ग हें त्या रस्त्याचें नांव पडून पुष्कळ वर्षें झालीं, तरी घाटावर व कोंकणांत तो डिलाईल रोडच आहे. गिरण्यांच्या काळीं तेथील चाळींत गांवोगांवचे गाळे होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, पण आपलीं घरें तेथून पुरतीं उठलीं नाहींत. तांदूळ, गूळ, आंबे घेऊन आपलीं वाहनें आजही तेथें जातात. लोअर परळच्या रेल्वेवरील पूल धोकादायक ठरून जुलै २०१८ मध्यें बंद झाला आणि नव्यानें बांधून नोव्हेंबर २०२३ मध्यें पुरता खुला झाला. त्या पुलाच्या चढावर, स्थानकाची गर्दी सुटली असतां, गाडी हातहातभर सरकते आणि पाय क्लचवरून हलत नाहीं. गांवच्या रस्त्यावर दिवसांत पन्नास वेळां दाबला जाणारा क्लच येथें अर्ध्या तासांत तितक्यांदा दाबला जातो. आम्हीं तेथें आंब्याच्या पेट्यांनीं भरलेली एक बदललेली जीप पाहिली. पेडल खालीं जाऊन तेथेंच राहिलें होतें, गाडी गिअरमधून निघत नव्हती, आणि चालक ब्रेकवर उभा राहून तिला आवरीत होता. पुढें हातभर अंतरावर माणसें रस्ता ओलांडीत होतीं. नळी सायलेन्सरच्या पाइपाला खेटून नेलेली होती. तेल तापून त्यांत वाफ धरली होती.

ब्रेक-ऑइल हवेंतील ओल शोषतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. डॉट ३ जातीचें ताजें तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओल मुरल्यावर तोच दंडक १४० अंशांवर येतो. डॉट ४ चे आंकडे २३० व १५५. कोंकणांतील पावसाळा पाहतां दोन वर्षांनीं तेल बदलणें ही चैन नव्हे. ओलीनें लोखंडी सिलिंडरास आंतून गंजाचे खळगे पडतात आणि नवें रबरही त्यांवर कापलें जातें. असा सिलिंडर किट घालून वांचत नाहीं, बदलावाच लागतो. सर्वांत घातक संवय म्हणजे तेल कमी दिसतांच ट्रॅक्टरचें हायड्रॉलिक किंवा इंजिनचें ऑइल ओतणें. ब्रेक-ऑइलसाठीं केलेलें रबर खनिज तेलांत फुगतें व मऊ पडतें. ब्रेक व क्लच यांची डबी एकच असेल तर ब्रेकचींही रबरें त्याबरोबर जातात.

बाजारांतील नकली किटांविषयीं काय लिहावें! खरा माल महाग पडतो हें खरें. पण कांहीं गाड्यांना रबराचें किट सुटें न देतां अख्खा सिलिंडरच गळ्यांत मारला जातो, तेव्हां गिऱ्हाईक नकली मालाकडे वळतें. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली, तींत शेतीचीं अवजारें व मोटारी या दोहोंचा समावेश केला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत पोर्टलही सुरू केलें. सुट्या किटांची मागणी सहकारी संस्थांनीं तेथें लावून धरली पाहिजे. एकट्यादुकट्या शेतकऱ्याचें पत्र कोण वाचतो?

इंजिन बदलणारांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. नोंदणी-पुस्तकांतील मूळ वर्णनाशीं विसंगत फेरफार करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें सांगितलें आहे. परवानगीवांचून बदललेली गाडी मुंबईस नेणाऱ्यानें हा धोकाही हिशेबांत धरावा.

आपल्या संस्थेच्या भांडारांत खतांच्या पोत्यांशेजारीं मास्टर-स्लेव्हचीं खात्रीचीं किटें आणि ब्रेक-ऑइलचे सीलबंद लहान डबे ठेवावेत, अशी सूचना आम्ही येत्या सभेपुढें मांडणार आहों. डबे लहानच हवेत, कारण उघडलेलें तेल ओल धरतें. तोंवर, गणपतीस गाड्या निघण्यापूर्वीं ज्यानें त्यानें पेडलाखालील चटई उचलून ती ओली आहे काय, आणि बेल हाऊसिंगच्या तळाशीं थेंब लोंबतो काय, एवढें पाहून घ्यावें.