व्हीलचेअर नको, सोबत हवी

मुलांना भेटायला परदेशी निघालेली म्हातारी माणसं विमानतळावर गरज नसताना व्हीलचेअर मागतात, अशी ओरड हल्ली वारंवार ऐकू येते. विमानाच्या दाराशी खुर्च्यांची लांबलचक रांग लागते आणि त्याच खुर्च्यांतली काही माणसं सामानाच्या पट्ट्याजवळ उठून झपाझप बॅगा उतरवतात. त्याचे व्हिडिओ फिरतात आणि खाली लोक ‘फुकटे’, ‘नाटकी’ असं लिहून मोकळे होतात. हे वाचून मला राग येतो. त्यातली बरीचशी माणसं फसवायला निघालेली नसतात. त्यांना वाट दाखवणारं कुणीतरी बरोबर हवं असतं. तिकीट काढताना तशी सोबत मागण्याची सोय सहज सापडत नाही, व्हीलचेअर मात्र एका खुणेवर मिळते. म्हणून धडधाकट माणूस खुर्चीत बसतो. दोष त्या माणसाचा नाही, तिकिटाच्या अर्जाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. लोक आम्हाला कंट्रोलर म्हणतात. कराड स्थानकात कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे सांगण्यात माझी नोकरी गेली. ज्यांना बोर्ड वाचता येत नाही, ज्यांच्या कानात कर्ण्यावरची घोषणा शिरत नाही, अशी माणसं माझ्या खिडकीशी रोज यायची. त्यांचे पाय मजबूत असायचे. डोंगर उतरून आलेली माणसं ती. फक्त त्या गर्दीत आपली गाडी कुठली, एवढंच त्यांना कळत नसे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी मुलाकडे शिकागोला गेलो. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या आहेत, तिला थोडंसं अंतर चालता येतं, लांबचं नाही. तिकिटं काढताना मुलगा फोनवर म्हणाला, “अण्णा, दोघांनाही व्हीलचेअर टाकतो, म्हणजे काळजी नको.” मी म्हटलं, “आईला टाक. मला नको. मी तिच्या शेजारून चालेन.” तो काळजीपोटीच बोलत होता. परदेशातली जवळजवळ सगळी मुलं अशीच करतात. आईबाप चुकतील, विमान सुटेल, रात्री-अपरात्री त्या परक्या जागी त्यांना विचारायला कुणी नसेल, या धास्तीने ती खुणेच्या चौकटीत टिचकी मारतात.

आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर आम्हाला विमान बदलायचं होतं. खुर्च्यांवरून आणलेल्या माणसांना तिथे एका कोपऱ्यात बसवून ठेवतात आणि पुढचं विमान निघायच्या वेळी गेटपर्यंत नेतात. त्या कोपऱ्यात आमच्या शेजारी लातूरकडच्या एक मावशी होत्या. नऊवारी, वर मुलाने पाठवलेला जाड स्वेटर आणि मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि मुलाने इंग्रजीत छापून दिलेला एक कागद. त्यावर त्यांचं नाव, विमानाचा क्रमांक, मुलाचा फोन आणि ‘यांना इंग्रजी येत नाही, कृपया मदत करा’ अशा अर्थाचं वाक्य. सून बाळंत व्हायची होती, म्हणून त्या टोरांटोला निघाल्या होत्या. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीचा.

पत्नीने विचारलं, “मावशी, तुमचेही गुडघे का?”

“न्हाई बाई. पाय धड हायत माझे. रानात दिवसभर उभी राहते मी. पर इथलं वाचायचं कसं, इचारायचं कुणाला? पोरगा म्हनला, खुर्चीत बस, ते लोक बरोबर नेतेत.”

त्या विमानात बसल्यापासून पाणी प्यायल्या नव्हत्या. लघवीला जावं लागेल आणि तेवढ्यात खुर्ची ढकलणारा मुलगा येऊन आपल्याला न घेताच निघून जाईल, ही भीती. तो मुलगा दोघा-तिघांना आळीपाळीने नेत होता, घामाघूम झालेला. त्याला हिंदी थोडं कळत होतं, पण थांबायला वेळ नव्हता. शेवटी माझी पत्नी उठली. “चला, मी येते,” म्हणाली. मावशींनी तिच्या दंडाला धरून तिला आधार दिला आणि पत्नीने पाट्या वाचत मावशींना स्वच्छतागृहापर्यंत नेलं. जिला खुर्ची हवी होती ती वाट दाखवत होती आणि जिच्यासाठी खुर्ची मागवली होती ती तिला सावरत होती. मला सांगायचं आहे ते सगळं त्या दोघींच्या चालण्यात होतं.

न लागणारी खुर्ची माणसाला नुसती लाजवत नाही, अपायही करते. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढाच ठेवलेला असतो. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. त्याहून उंच ठिकाणी रात्रभर बसून राहण्यासारखं ते आहे. हवा इतकी कोरडी असते की घसा आणि डोळे सुकतात. त्यात पाणी प्यायचं नाही आणि हलायचं नाही, म्हणजे पायांतल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली एका अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले होते. चार तासांहून जास्त वेळ न हलता प्रवास केला तर हा धोका जवळपास दुप्पट होतो, एकूण प्रमाण मात्र सहा हजार प्रवाशांत एक इतकं कमी असतं, असं त्यात म्हटलं आहे. प्रमाण कमी असलं तरी वय, वजन, जुनी शस्त्रक्रिया यांनी ते वाढतं. म्हणून डॉक्टर सांगतात, अधूनमधून उठा, चाला, पोटऱ्या हलवा. मुंबईहून आखात तीन-साडेतीन तास आणि तिथून अमेरिका-कॅनडा चौदा-पंधरा तास. या दोन बैठकांच्या मध्ये पाय मोकळे करायला मिळणारी एकच जागा म्हणजे तो विमानतळ. आणि तिथेही आपण चालत्या माणसाला खुर्चीत खिळवून ठेवतो.

ज्यांना खुर्ची खरोखर लागते त्यांच्या वाट्याची खुर्ची कमी होते ती वेगळीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या ऐंशी वर्षांच्या एका प्रवाशाचा आपल्याच विमानतळावर मृत्यू झाला, हे अनेकांना आठवत असेल. नवरा-बायको दोघांनीही खुर्ची मागितली होती. उतरल्यावर एकच मिळाली. बायकोला तिच्यात बसवून ते तिच्याबरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. मी पत्नीच्या खुर्चीशेजारून चालत होतो तेव्हा ते गृहस्थ सारखे मनात येत होते. दंड झाला हे योग्यच झालं. पण एकाच विमानात एवढ्या खुर्च्या का मागितल्या जातात आणि त्यातल्या किती मागण्या खरं तर सोबतीच्या असतात, हा प्रश्न दंडाने सुटत नाही.

प्रवाशाकडून डॉक्टरचा दाखला मागा, असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांत अपंग प्रवाशाला ही मदत मोफत द्यावी लागते, तिथल्या १९८६ च्या कायद्याचं आणि त्यावरच्या नियमांचं ते बंधन आहे आणि ते परदेशी कंपन्यांनाही लागू आहे. हा हक्क लोकांनी झगडून मिळवला आहे. दाखल्याची अट घातली की सगळ्यात आधी अडेल तो गावाकडचा खरा गरजू. ज्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही, हृदयाचं किंवा दम्याचं, त्याला तर प्रत्येक दारात स्वतःची बाजू मांडत बसावं लागेल. रांग कमी करायची असेल तर पळवाट बुजवून भागणार नाही, दुसरी सरळ वाट उघडावी लागेल.

ही वाट कशी असते ते एसटीच्या माणसाला सांगावं लागत नाही. पाटण खोऱ्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला, कुणी गिरणीत, कुणी माथाडीत. त्यांच्या आया नातवंडांसाठी मुंबईला निघाल्या की गावचा कुणीतरी म्हातारीला गाडीत बसवायचा आणि वाहकाला सांगायचा, “मास्तर, आयेला परळला उतरवा. थोरला येईल न्यायला.” एवढ्यावर काम व्हायचं. वाहक तिला आपल्या जवळच्या बाकावर बसवायचा. जेवणाला गाडी थांबली की एखाद्या बाईला सांगायचा, यांना जरा घेऊन जा. परळला उतरवल्यावर थोरला दिसेपर्यंत गाडी जागची हलत नसे. मुलगा उशिरा आला तर म्हातारी तिथल्या कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसायची. हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात माणूस सोपवायचा आणि सोपवल्याची खात्री करायची, एवढीच ती पद्धत.

विमान कंपन्यांना ही पद्धत ठाऊक नाही असंही नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्या लहान मुलांसाठी ती आहेच. साधारण पाच ते बारा वर्षांचं मूल आई-वडिलांनी विमानतळावर सोपवायचं, त्याच्या गळ्यात कागदपत्रांची पिशवी अडकवतात, कर्मचारी त्याला विमानात बसवतो, उतरल्यावर दुसरा कर्मचारी घेतो आणि ज्याचं नाव दिलेलं आहे त्याची ओळख पटवून, सही घेऊन मगच त्याच्या ताब्यात देतो. मूल या सगळ्यात स्वतःच्या पायांनी चालतं. त्याला कुणी खुर्चीत बसवत नाही. आठ वर्षांच्या मुलाला जे मिळतं ते बहात्तर वर्षांच्या, इंग्रजी न येणाऱ्या बाईला का मिळू नये? आरक्षणाच्या यंत्रणेत ‘मीट अँड असिस्ट’ अशी नोंद करण्याची सोय पूर्वीपासून आहे. काही विमानतळांवर जादा पैसे भरून स्वागताला माणूस मिळतो. पण ती सोय बहुतेक सुखवस्तू प्रवाशांसाठी मांडलेली असते आणि एका विमानतळापुरती असते. लातूरच्या मावशींना मुंबईचा आत जाणारा दरवाजा ते टोरांटोचा बाहेर येणारा दरवाजा असा एकसलग हात हवा आहे.

हे खर्चाचंही गणित आहे, आणि ते कंपन्यांच्या बाजूनेच पडतं. खुर्ची ढकलायला एका प्रवाशामागे एक माणूस लागतो. चालणाऱ्या दहा आजी-आजोबांना मात्र एकच माणूस हातात पाटी धरून, मधे स्वच्छतागृहाशी थांबत, पाण्याच्या बाटल्या भरून घेत नेऊ शकतो. त्याला हिंदी, मराठी, गुजराती, पंजाबी, तेलुगू यांपैकी एक-दोन भाषा आल्या की पुरे. आखातातल्या विमानतळांवर काम करणाऱ्यांत भारतीय, नेपाळी, बांगलादेशी माणसं भरपूर आहेत, भाषेची अडचण सांगायला नको. यासाठी थोडं शुल्क घेतलं तरी चालेल. लाखाच्या घरात तिकीट काढणारा मुलगा आईच्या सोबतीसाठी आणखी दोन-तीन हजार आनंदाने देईल.

आज ही सोबत लोक आपापली शोधतात. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर कायम कुणी ना कुणी विचारत असतं, अमुक तारखेला अमुक विमानाने कुणी येतंय का, आमच्या आई-बाबांना सोबत हवी आहे. आणि मिळतेही. एखादी शिकणारी मुलगी पूर्ण अनोळखी आजींना घेऊन येते, त्यांचे अर्ज भरते, त्यांच्या शेजारची जागा मिळावी म्हणून तिसऱ्याची विनवणी करते. त्या मुलांचं मला फार कौतुक आहे. पण हे नशिबावर सोडायचं काम नाही. ज्यांची मुलं अशा कुठल्याच गटात नाहीत, त्यांनी काय करायचं?

आणखी एक जागा आहे जिथे सोबत लागते आणि खुर्ची निरुपयोगी ठरते. ती म्हणजे इमिग्रेशनची खिडकी. किती दिवस राहणार, कुणाकडे, बॅगेत खायचं काय आहे, एवढेच प्रश्न असतात. अबू धाबीला तर अमेरिकेची ही तपासणी २०१४ पासून विमानात बसण्याआधीच होते, त्यामुळे अर्ध्या वाटेवर, अर्धवट झोपेत, तो प्रसंग पुढे येतो. घरी शेतात दहा माणसांना कामाला लावणारी बाई तिथे गप्प होते. लोणचं नाही म्हणावं की आहे म्हणावं, हेच तिला ठरवता येत नाही. भाषा जाणणारा कुणी शेजारी उभा असेल तर ती खरं ते सांगेल आणि दोन मिनिटांत मोकळी होईल.

मुलांनाही माझं सांगणं आहे. त्या चौकटीत खूण करण्याआधी आई-वडिलांना विचारा, तुम्हाला चालता येतं का? येत असेल तर विमान कंपनीला लिहून सोबत मागा. नाही म्हणाले तर पुन्हा लिहा. मागणीच नोंदली गेली नाही तर सोय कधी होणार नाही, हे मी एसटीत पाहिलेलं आहे. जादा गाडी सुटायची ती खिडकीशी माणसं उभी राहून विचारायची म्हणूनच.

महासंचालनालयाने विमान कंपन्यांना एवढंच बंधन घालावं, की साठीच्या पुढच्या प्रवाशाच्या तिकिटात व्हीलचेअरच्या शेजारी ‘चालत सोबत’ हा दुसरा पर्याय ठळक दिसला पाहिजे आणि तो निवडणाऱ्याला मधल्या विमानतळावर कोण घेणार हे निघण्याआधी कळलं पाहिजे. सुरुवात मुंबईहून रात्री आखाताकडे सुटणाऱ्या विमानांपासून करता येईल. बाळंतपणासाठी निघालेल्या आया तिथे रोज दिसतात.