गल्ल्यातली पाहुणी लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सोलापूरच्या पेठांतून वह्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि मालक मोठ्या समाधानाने गल्ला मोजतो. अशा वेळी एक आगाऊ प्रश्न माझ्या जिभेवर येतो: "मालक, यातली तुमची किती?"

प्रश्न थट्टेचा नाही. समजा, अक्कलकोट रोडला चादरींचा लहानसा कारखाना आहे. दहा विणकर, प्रत्येकाचा पगार दहा हजारांच्या वर. प्रत्येकाचा व्यवसाय कर म्हणून महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापावयाचे. वर्षाचे २,५०० झाले की थांबावयाचे, कारण त्याहून अधिक घेण्यास घटनेचीच मनाई आहे. बहुतेक लहान मालकांना हा कर वर्षातून एकदाच, मार्चअखेर भरण्याची सवलत आहे. आणि मोह नेमका तिथेच आहे! सात महिन्यांत चौदा हजार गल्ल्यात साचतात. सूतवाला दाराशी, बोनस डोक्यावर. मग "मार्चला पाहू" म्हणून त्या पैशाचे सूत येते. मार्च उजाडतो तेव्हा चादरी उधारीवर गेलेल्या असतात.

हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच जिल्ह्यातली माणसे खडी फोडीत होती. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या भावाला पाठविलेली ती मनीऑर्डर. मालक केवळ पोस्टमन!

प्रॉव्हिडंट फंडाचे तर याहून नाजूक. जिथे वीस किंवा अधिक माणसे कामाला, तिथे मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १२ टक्के कामगाराचे आणि तितकेच मालकाचे, महिना संपल्यावर पंधरा दिवसांत भरावयाचे. मालकाने आपला वाटा कामगाराच्या पगारातून काढावयाचा नाही. आणि कापलेला वाटा न भरणे हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, हे १९७३ पासून कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

माझ्या ओळखीच्या एका विणकराची कपात दरमहा होत होती. मुलीच्या लग्नासाठी पैसे काढावयास गेला, तो खात्यावर नऊ महिने कोरे! मालक काही दुष्ट नव्हता, अडचणीत होता. पुढे त्याने पै न् पै भरली, व्याजही भरले. पण लग्न सावकाराच्या पैशाने झाले होते, आणि ते व्याज विणकर फेडीत बसला.

म्हणून माझे मालकांना सांगणे एवढेच की, कपातीसाठी बँकेत वेगळे खाते ठेवा आणि पगाराच्या दिवशीच रक्कम तिकडे वळवा. तिच्यावर सूत घेऊ नका, बोनसही वाटू नका.

आणि पगारदार वाचकहो, फराळ झाला की चिरंजिवांना मोबाईलवर तुमचे फंडाचे पासबुक उघडावयास सांगा. पगारपत्रकावरचा आकडा तिथे दरमहा उमटला आहे ना, ते ताडून पाहा. नसेल, तर लग्नाची तारीख ठरण्याची वाट न पाहता विचारा.