कोआत्लिंचानचा देव

मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयाबाहेर, रहदारीच्या हमरस्त्यालगत, सात मीटर उंचीची एक अखंड दगडी मूर्ती उभी आहे. वजन सुमारे 168 टन. पर्जन्यदेव त्लालोक म्हणून जग तिला ओळखते. ही जलदेवी चाल्चिउत्लिक्वे असावी, असेही काही अभ्यासक मानतात. ती इथे कशी आली हे सांगताना एक किस्सा हमखास ऐकवला जातो. 16 एप्रिल 1964 रोजी मूर्ती शहरात शिरली आणि पावसाचे दिवस नसताना धो धो पाऊस कोसळला! किस्सा खरा आहे, पण त्याच्या कौतुकात एका गावावरचा अन्याय झाकला गेला.

सान मिगेल कोआत्लिंचान हे ते गाव. गावाजवळच्या घळीत मूर्ती शतकानुशतके उताणी पडलेली होती. तिच्या अंगावर खोलगट खळगे आहेत, म्हणून गावकरी तिला ‘वाट्यांचा दगड’ म्हणत. त्याच बाजूला त्लालोकच्याच नावाचा डोंगर आहे. 4,100 मीटरहून उंच अशा त्याच्या माथ्यावर दगडी भिंतींचे देवस्थान होते आणि स्पॅनिश येण्यापूर्वी आसपासचे राजे दरवर्षी तिथे पाऊस मागायला चढत. डोंगर म्हणजे पाण्याने भरलेले भांडे, अशी त्या लोकांची धारणा होती. ढग डोंगरातून निघतात, पाणी घळीतून उतरते आणि मका पिकतो. या साखळीतच मूर्तीचा अर्थ होता. तिथून उचलल्यावर उरले ते तिचे आकारमान.

गावकऱ्यांनी विरोध केला. मूर्तीला बांधलेले पोलादी दोर सोडवले, गाड्यांचे टायर निकामी केले. सरकारने सैन्य पाठवले आणि सोबत शाळा, रस्ता, दवाखान्याची आश्वासने दिली. या सोयी तर नागरिक म्हणून गावाच्या हक्काच्याच होत्या. बंदुकीच्या धाकात त्यांच्या मोबदल्यात देव नेणे ही उघड जबरदस्ती होती.

हे संग्रहालय जगातल्या उत्तम संग्रहालयांपैकी एक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जतनाचे कारण इथे टिकत नाही. घळीत मूर्तीला कोणाचा धोका होता? आधुनिक मेक्सिकोला आपल्या दारात प्राचीन पूर्वज हवा होता, आणि त्यासाठी त्याच मातीतल्या शेतकऱ्यांना बाजूला सारले गेले. राष्ट्राचा वारसा म्हणताना त्या राष्ट्रात कोआत्लिंचान धरलेच नव्हते.

आज गावाच्या चौकात मूर्तीची प्रतिकृती आहे. सांद्रा रोसेंताल आणि जेसी लर्नर यांनी 2013 मध्ये या विस्थापनावर माहितीपट केला, तो जरूर पाहावा. आणि मेक्सिको सिटीला जाणाऱ्या वाचकांनी संग्रहालयाबरोबर एक दिवस कोआत्लिंचानसाठीही राखावा.