झेक हाटगाणीं आणि नुसत्या प्रतिमांचा मोह

जुन्या छापील गाण्यांच्या चिटोऱ्यांचें काय करावें हा प्रश्न ग्रंथालयापुढें आला म्हणजे दोन प्रकारचे सल्लागार पुढें सरसावतात. पहिला म्हणतो, हा कचरा आहे. ह्यावर लोकांचा पैसा उधळूं नका. दुसरा म्हणतो, हें सारें अमोल आहे. यंत्राखालीं धरा, भराभर डिजिटल प्रतिमा घ्या, जगापुढें मांडा आणि मोकळे व्हा. पहिल्याचें अज्ञान उघड असल्यामुळें त्याचें फारसें भय नाहीं. दुसरा मित्राच्या वेषानें येतो, म्हणून आमचें खरें भांडण त्याच्याशीं आहे. झेक भाषेंतील हाटगाण्यांच्या आधारें हें भांडण येथें मांडण्याचा विचार आहे. कारण संग्रह, सूची आणि प्रतिमा ह्या तिन्ही कर्मांचे गुणदोष त्या एका विषयांत लख्ख दिसतात.

ह्या गाण्यांस झेक लोक ‘क्रामार्झ्स्के पीस्न्ये’ म्हणतात. ‘क्राम’ म्हणजे बाजारांतलें दुकान, आणि ‘क्रामार्झ’ म्हणजे तें मांडून बसणारा. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या अखेरपर्यंत, किंबहुना त्याच्याही थोडें पुढें, बोहेमिया व मोराव्हिया प्रांतांतील जत्रांत, बाजारांत आणि देवस्थानांच्या वाटेवर हीं गाणीं विकलीं जात. हलक्या कागदाच्या घड्या घालून केलेलीं थोडकीं पानें, वर लाकडी ठशाचें एखादें ओबडधोबड चित्र, आणि आंत गॉथिक वळणाच्या खिळ्यांनीं छापलेलें गीत, एवढाच त्यांचा थाट. यिंद्रझिखूव ह्रादेत्स येथील लांदफ्रास किंवा आज स्लोव्हाकियांत असलेल्या स्कालित्सा गांवचे श्कार्नित्स्ल, अशा छापखानेवाल्या घराण्यांनीं पिढ्यान् पिढ्या हा माल पुरविला. विकणारा स्वतःच गाऊन दाखवी. खून, वध, महापूर यांचें गाणें असलें म्हणजे रंगविलेला फलक टांगून काठीनें एकेक चित्र दाखवीत तो कथा सांगे. पिंगुळीच्या चित्रकथ्यांची कला ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हा देखावा परका वाटणार नाहीं. पण खुनांच्या गाण्यांवरून ह्या सर्व वाङ्मयाची परीक्षा करूं नये. उरलेल्या प्रतींत मोठा वांटा धार्मिक गीतांचा आहे. प्शीब्रामजवळच्या ‘स्वाता होरा’ ह्या पवित्र डोंगरावर मेरीमातेच्या दर्शनास निघालेला शेतकरी वाटेनें गावयाचें गीतही ह्याच विक्रेत्याकडून घेई.

आतां पहिल्या सल्लागाराकडे वळूं. त्याच्या पाठीशीं मोठमोठीं नांवें आहेत हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. १७७८–७९ सालीं हेर्डरनें लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हांपासून युरोपांतील विद्वानांच्या मनांत ‘अस्सल लोकगीत’ म्हणजे निरक्षर मुखांतून वाहणारा निर्मळ झरा अशी एक मूर्ति बसली. त्या झऱ्यापुढें पैशासाठीं रचलेलें आणि छापलेलें गाणें गढूळ ठरलें. झेक भूमींत चेलाकोव्स्की, सुशिल, एर्बेन ह्यांनीं केलेलें संग्रहाचें कार्य थोर आहे. परंतु त्या युगाची आवड मुखांतल्या गाण्याची होती, हाटांतल्या कागदाची नव्हे. अमेरिकेंत चाइल्डसारख्या व्यासंगी पंडितानें छापील हाटगीतांच्या संग्रहांस एका पत्रांत उकिरड्याची उपमा दिली, व तो पुष्कळ उकरल्यावर एखादें बरें रत्न सांपडतें असा अभिप्राय दिला.

ह्या मतांतला दोष असा कीं, रत्न सांपडलें कीं उकिरडा फेंकून द्यावा असें तें सुचवितें. १६२० सालच्या बीला होरा येथील पराभवानंतर झेक देशांत राज्यकारभारांत व उच्च विद्येंत जर्मन भाषेचें वर्चस्व वाढत गेलें. त्या दीर्घ काळांत झेक भाषेंत छापलेला कागद खेड्यापाड्यांतील माणसाच्या हातांत कोणीं ठेवला? प्रार्थनापुस्तकांनीं, पंचांगांनीं आणि ह्या दीडदमडीच्या गाण्यांनीं. तीं काव्य म्हणून किती उंचीचीं आहेत हा प्रश्न रसिकांनीं खुशाल चर्चावा. एका समाजानें आपल्या भाषेंत काय वाचलें, काय गाइलें, कशाला भ्यालें, ह्याचा पुरावा म्हणून त्यांची जागा दुसरें कांहीं घेऊं शकत नाहीं. ही गोष्ट ओळखून १९३७ सालीं रोबर्ट स्मेताना आणि बेद्रझिख वाक्लावेक ह्या दोघांनीं हाटगाण्यांचा एक निवडक संग्रह प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं वाक्लावेकनें लिखित वाङ्मय आणि लोकपरंपरा ह्यांच्या संबंधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. छापील गाणें लोकांच्या मुखांत जातें आणि मुखांतलें पुन्हा छापखान्यांत येतें, तेव्हां झरा आणि गटार अशी वांटणी करणेंच चुकीचें आहे. वाक्लावेक हा ओलोमोत्स येथील ग्रंथालयांत काम करणारा माणूस होता. १९४३ सालीं औश्विट्सच्या छळछावणींत त्याचा अंत झाला. उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते अशी आपल्याकडे म्हण आहे; हेर्डरपासून मोजलें तर ह्या उकिरड्यास दीडशेंहून अधिक वर्षें वाट पाहावी लागली.

दुसऱ्या सल्लागाराचें म्हणणें आधीं प्रामाणिकपणें मांडूं. तो म्हणतो, कागद ठिसूळ आहे, हात लागेल तितका झिजतो. प्रतिमा घेतली कीं मूळ प्रतीस विश्रांति मिळते. प्रागचा कागद आणि ब्रनोचा कागद एका पडद्यावर शेजारीं ठेवतां येतो. हें सर्व खरें आहे व आम्हांस मान्य आहे. परंतु ह्यापुढें जाऊन तो म्हणतो कीं, यंत्राला आतां अक्षरें वाचतां येतात, हवा तो शब्द क्षणांत सांपडतो. मग एकेका चिटोऱ्याची नोंद करीत माणसानें वर्षें कां घालवावीं? येथें मात्र त्यानें वस्तु पाहिलेली नाहीं असें म्हणावें लागतें.

प्रथम नांवाचीच गोष्ट घ्या. असंख्य गाण्यांच्या मथळ्यावर ‘नवें गीत’ किंवा ‘कुमारी मेरीचें भक्तिगीत’ एवढेंच असतें. एकाच नांवाखालीं भिन्न गीतें, आणि एकाच गीतास भिन्न नांवें. शिवाय एका चोपडींत दोनतीन गाणीं असतात आणि मुखपृष्ठावर पुष्कळदां पहिल्याचाच पुकारा असतो. बाकीचीं आंत मुकाट्यानें बसलेलीं. प्रत्येक गाण्याची पहिली ओळ टिपल्यावांचून कोणतें गीत किती वेळां छापलें हें कळावयाचें नाहीं.

नंतर सालाचें पाहा. ‘ह्याच वर्षीं छापलें’ असें ह्या चोपड्यांवर वारंवार लिहिलेलें असतें! कोणतें वर्ष, तें नाहीं. गिऱ्हाइकाला माल सदा ताजा वाटावा ही त्यांतली युक्ति. गांवाचें आणि छापखान्याचें नांवही पुष्कळ ठिकाणीं गाळलेलें. प्रतिमा ही थाप जशीच्या तशी पुढच्या पिढीच्या हातीं देते. खिळ्यांचें वळण, वेलबुट्टी, लाकडी ठशाला गेलेली चीर, गाण्यांत आलेली लढाई किंवा आग, हीं एकमेकांशीं ताडून काळ ठरविणें हें जाणत्या सूचिकाराचें काम आहे. तोच ठसा आज एका खुनावर आणि उद्यां दुसऱ्यावर छापलेला असतो. चीर ज्यांत नाहीं ती प्रत आधींची आणि चीर ज्यांत आहे ती नंतरची, हें ठशांची नोंद ठेवणाऱ्यासच दिसतें.

शब्द शोधण्याची बढाई तर फारच पोकळ आहे. झेक लेखनाची वहिवाट १८४० नंतरच्या दशकांत बदलली. त्यापूर्वीं आजच्या रोमन ‘जे’च्या जागीं ‘जी’ लिहीत, आणि ‘व्ही’च्या जागीं ‘डब्ल्यू’. आजचा वाचक येशूचें नांव आजच्या अक्षरांनीं शोधूं लागला तर ज्या ढिगांत पानोपानीं तें नांव आहे त्याच ढिगांतून तो रिकाम्या हातानें परतेल. गॉथिक खिळे वाचावयास यंत्र शिकतें हें खरें. पण जुन्या रूपाची सांगड नव्या रूपाशीं कोणी तरी आधीं घालून द्यावी लागते.

आणि चाल? हीं गाणीं वाचण्यासाठीं नव्हतींच. त्यांवर स्वरलेखन क्वचितच असे. आपल्या नाट्यपदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या पदाचा आरंभ देत, तसेंच येथेंही ‘अमक्या गीताप्रमाणें गावें’ एवढी सूचना असे. हें ‘अमकें गीत’ कोणतें, त्याची चाल कोठें टिपलेली आहे, हा दुवा सूचींत जोडला नाहीं तर आपल्या हातीं गाणें राहत नाहीं, शब्द राहतात.

सर्वांत मोठी हानि अद्याप सांगावयाची आहे. घेतलेलीं गाणीं हरवूं नयेत म्हणून लोक तीं एकत्र शिवून ठेवीत. अशा जाडजूड पुडक्यास झेक लोक ‘श्पालीचेक’ म्हणजे लहानसा ठोकळा म्हणतात. हा शब्द त्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. बोहुस्लाव मार्तिनू ह्या संगीतकारानें १९३३ सालीं प्रागच्या रंगभूमीवर आलेल्या आपल्या नृत्यनाट्यास हेंच नांव दिलें. हा ठोकळा म्हणजे एका घराचें ग्रंथालय होय. कोणतें गाणें कोणाशेजारीं शिवलें, मेरीच्या भक्तिगीताला लागून शिपायाची व्यथा कशी आली, कोठें मालकानें आपलें नांव घातलें, हें सर्व त्या माणसानें आपल्या हातानें लिहिलेल्या चरित्रासारखें आहे. प्रतिमांच्या घाईंत ठोकळ्याचे तुकडे होतात; प्रत्येक गीत सुटें होऊन आपल्या क्रमांकाखालीं जातें, आणि शेजार नाहींसा होतो. मग ठोकळा प्रत्यक्ष उसवला काय आणि संगणकांत उसवला काय, फळ एकच. इंग्लंडांत सॅम्युएल पीप्स ह्यानें अठराशेंहून अधिक हाटगीतें जमविलीं, पण वहींत चिकटवितांना कित्येक ताव मधोमध कापले. आज ते दोन अर्धे प्रतिमेंत पुन्हा जोडून दाखविण्यासाठीं विद्वानांस श्रम करावे लागले आहेत. त्या कात्रीची आठवण प्रत्येक ग्रंथपालानें ठेवावी.

एवढी नोंद करावयास पैसा व वेळ कोठून आणावा, असा शेवटचा आक्षेप येतो. तो खोटा नाहीं, पण निरुत्तर करणाराही नाहीं. कॅलिफोर्नियांत पॅट्रिशिया फ्युमर्टन ह्या विदुषीनें २००३ सालीं इंग्रजी हाटगीतांचें जें भांडार उभारलें त्यांत प्रतिमेबरोबर पाठ आहे, ठशांची सूची आहे, आणि चाल उपलब्ध असल्यास गाऊन ऐकविलेलें गीतही आहे. २०२२ सालीं त्याच विदुषीनें पावेल कोसेक व मारिए हान्झेल्कोवा ह्या ब्रनोच्या अभ्यासकांसह झेक हाटगाण्यांवर जो ग्रंथ संपादिला, त्याच्या नांवांतच पाठ, चित्र आणि गीत हीं तिन्ही एकत्र आलीं आहेत. जें होऊं शकतें असें दिसलें आहे तें अशक्य म्हणणें हा आळस होय. आणि पैसा खरोखरच तुटपुंजा असेल तर दहा हजार मुक्या प्रतिमांपेक्षां एक हजार बोलक्या नोंदी आम्ही पसंत करूं. न केलेली प्रतिमा उद्यां करतां येते. पण नोंदीवांचून ढिगांत टाकलेली वस्तु ‘झाली’ म्हणून कागदोपत्रीं लागते, आणि मग तिच्याकडे परत वळण्यास कोणी पैसा देत नाहीं.

म्हणून आमचें मागणें सरळ आहे. ठोकळा उसवूं नये, आणि त्याचा क्रम सूचींत कायम राखावा. प्रत्येक गीताची पहिली ओळ, चालीची सूचना, ठसा, छापखाना आणि मालकाची खूण हीं टिपल्यावांचून काम पुरें झालें असें कोणत्याही ग्रंथालयानें जाहीर करूं नये. ज्या शेतकऱ्यानें जत्रेंतून गाणें आणलें, त्यानें तें ढिगांत टाकलें नाहीं. सुईदोरा घेऊन त्याची जागा ठरविली. त्याच्या मागून येणाऱ्या पदवीधरांकडून ह्याहून कमी काळजीची अपेक्षा करणें लाजिरवाणें आहे.