'इज' की 'आर'? कोटेशन पाठवण्याआधी एवढं बघाच



"सर, आधी इंग्लिश सुधारतो, मग धंदा सुरू करतो," असं म्हणणारे खूप असतात. आणि "समोरच्याला कळल्याशी मतलब, ग्रामर कोण बघतंय?" असं म्हणणारेही तेवढेच. मला दोन्ही पटत नाही. इंग्लिशसाठी धंदा अडवून ठेवू नका. पण जिथे ग्रामरवर व्यवहार अवलंबून असतो, तिथे "चालतंय हो" म्हणून सोडूही नका. दोन गोष्टी जोडून लिहिलेलं वाक्य ही अशीच एक जागा.

आपण घरात काय म्हणतो? "भाजी आणि भाकरी झाली." वस्तू दोन, पण क्रियापद शेवटच्या भाकरीप्रमाणे. मराठीत हे सहज चालतं. मग त्याच सवयीने आपण लिहितो, "द रेट अँड द डिलिव्हरी डेट इज फायनल." इंग्लिशमध्ये 'अँड'ने दोन वेगळ्या गोष्टी जोडल्या की क्रियापद अनेकवचनी. म्हणजे इथे 'आर' हवं.

आता बघा, अर्थ कुठे बदलतो. "द प्रोप्रायटर अँड मॅनेजर इज ऑथोराइज्ड टू कलेक्ट द पेमेंट." याचा अर्थ मालक आणि मॅनेजर एकच माणूस. "द प्रोप्रायटर अँड द मॅनेजर आर ऑथोराइज्ड" लिहिलंत की माणसं झाली दोन. पैसे कोणाच्या हातात द्यायचे, हे त्या एका 'द'वर आणि 'इज-आर'वर ठरतं!

'ऑर' आलं की मात्र आपली मराठी सवय कामाला येते. क्रियापद जवळच्या शब्दाप्रमाणे घ्यायचं. "आयदर द सॅम्पल्स ऑर द बिल इज मिसिंग." उलटं लिहिलं तर "आयदर द बिल ऑर द सॅम्पल्स आर मिसिंग."

'अलाँग विथ' म्हणजे 'अँड' नव्हे. "द मशीन, अलाँग विथ टू स्पेअर ब्लेड्स, इज इन्क्लूडेड." इथे कर्ता मशीन. ब्लेड फक्त सोबत आलेत, म्हणून 'इज'.

आणि सुरुवातीला 'एव्हरी' असेल तर 'अँड' असूनही एकवचन: "एव्हरी बॉक्स अँड बॉटल इज चेक्ड."

काहीजण म्हणतील, मोबाईलमधलं ॲप सगळं दुरुस्त करून देतं की! देतं ना, वापरा जरूर. पण तुमच्या दुकानात मालक आणि मॅनेजर एकच आहे की दोघं वेगळे, हे ॲपला कुठून कळणार? ते तुम्हालाच माहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. 'फाडफाड इंग्लिश'च्या महागड्या कोर्सपेक्षा आधी आपल्या धंद्याची रोजची दहा वाक्यं पक्की करा. ऑर्डर, रेट, डिलिव्हरी, पेमेंट. बहुतेक पत्रव्यवहार त्यातच फिरतो.

आजच एक काम करा. शेवटची तीन कोटेशन काढा. जिथे जिथे 'अँड' किंवा 'ऑर' आहे, तिथे पेनाने गोल करा आणि स्वतःला विचारा, मी इथे एक गोष्ट सांगतोय की दोन? उत्तर आधी तुम्हाला स्पष्ट असलं, तरच ते पार्टीला स्पष्ट होईल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!