पट्टी सापडली, षड्ज हरवला

आमच्या घरी जपून ठेवलेली गणेशोत्सवातील एका मैफलीची फीत नुकतीच संगणकावर उतरविली. गायकाने काळी एकमध्ये भूप आळविला आहे. पट्टी ओळखणाऱ्या आज्ञावलीने मात्र तिच्यावर चिठ्ठी डकविली : 'काळी पाच, मायनर'. म्हणजे भूपाचा धैवत हाच तिने षड्ज ठरविला. आम्ही हरकत घेतली, तेव्हा माधापुरात संगणकाची नोकरी करणारे आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, सूर तर तेच आहेत ना!"

सूर तेच आहेत, आणि तंटा नेमका तेथेच आहे. भूपाचे पाचही स्वर जागेवर ठेवून गंधाराला षड्ज माना, मालकंस होतो. धैवताला माना, धानी होते. षड्ज चुकला की रागच चुकला. चतुःसीमा बिनचूक लिहून पहाणी भलत्याच्या नावे करावी, तसा हा प्रकार. महसूल खात्यात असताना अशा नोंदी आम्ही रद्द करीत असू.

दोष यंत्राचा नाही, त्याला दिलेल्या साच्याचा आहे. अशा आज्ञावल्या सप्तकाचे बारा सारखे खण पाडतात, कोणत्या खणात किती नाद साचला ते मोजतात आणि तो हिशेब मेजर-मायनरच्या साच्यांशी ताडून पाहतात. क्रमहान्सल व केसलर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेले प्रख्यात साचे पाश्चात्त्य संगीतात मुरलेल्या कानांवरून बेतलेले आहेत. त्यात आमचा भूप बसावा कसा?

यावर उपाय सुचविला जातो तो असा, की सर्वांत अधिक वेळ लागलेला स्वर षड्ज मानावा. सुचविणाऱ्यांनी एकदा मारवा ऐकावा. तेथे गायक षड्ज चुकवीत रिषभ-धैवतावर रेंगाळतो, आणि यंत्र पुन्हा फसते. खरी वाट २०१२ साली बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठातील सालामोन, गुलाटी व सेरा यांनी दाखविली. एकाच वेळी वाजणारे अनेक नाद वेगळे करून त्यांनी गळ्यामागच्या तंबोऱ्याचा माग घेतला. आमच्याकडे शिष्याला पहिल्या दिवशी जे सांगतात, ते यंत्राला इतक्या उशिरा सांगितले गेले!

'यंत्राला काय कळते' म्हणून हात झटकणारे आमचे समवयस्कही आम्हांला मान्य नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. (पेन्शनीत माणसे काय करतात, याचा हा एक मासला.) अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने त्यांनी श्रुती मोजल्या आणि १९१० साली त्यावर ग्रंथ छापला. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार ३०० चा येतो. बारा सारख्या खणांतला ३०२.४ चा. हा फरक ज्या कानांना खटकला, त्यांनी मोजमापाला तोंड दिले, पाठ फिरविली नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. षड्ज निश्चित होईपर्यंत आज्ञावलीने पट्टीचा रकाना कोरा ठेवावा. आणि ज्यांच्या कपाटात जुन्या फिती पडून आहेत, त्यांनी राग व षड्ज डब्यांवर स्वहस्ते लिहून ठेवावा. चिरंजीवांनी आमची चिठ्ठी तूर्त काढली आहे. नव्या आज्ञावलीला ते आता मारवा ऐकवीत आहेत.